संकल्प वर्षभर टिकवायचाय? मग खाड्यांची सोय आधी करा

मागच्या वर्षी कपाट आवरताना माझ्या चार जुन्या डायऱ्या सापडल्या. चारही डायऱ्यांची पहिली पानं भरगच्च, सुंदर अक्षर, तारखेखाली रेघ वगैरे, आणि मग जानेवारीच्या मध्यावर कुठेतरी अक्षर बिघडायला लागतं, एक दिवस सुटतो, मग दोन, आणि फेब्रुवारीपासून कोरी पानं. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चारपैकी एकाही डायरीत "आजपासून लिहिणं बंद" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे सोडून द्यायचं मी कधी ठरवलंच नव्हतं. एक खाडा पडला, त्याचे दोन झाले, मग डायरी उघडायची लाज वाटायला लागली आणि लाज वाटते म्हणून ती कपाटात गेली, बस्स.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की आरंभशूर, आळशी वगैरे म्हणून स्वतःला कोसण्यात काही अर्थ नाही. सुरुवात करायला आपल्याला छानच जमतं, जमत नाही ते खाड्यानंतर परत येणं, आणि ते कुणी शिकवतही नाही. म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं त्याच अंगाने आहे. पहाटे चारला उठा, इच्छाशक्ती वाढवा छाप सल्ले यात सापडणार नाहीत.

आधी एक शंका मिटवू

संकल्प करण्यात मुळात काही अर्थ असतो का? जॉन नॉरक्रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या 200 लोकांचा माग ठेवला होता, आठवड्याभरानंतर त्यातले 77 टक्के टिकून होते आणि दोन वर्षांनी 19 टक्के. हा 19चा आकडा बघून लोक म्हणतात बघा, फुकटचा उद्योग. पण त्याच माणसाचा 2002 मधला दुसरा अभ्यास कुणी सांगत नाही. त्यात दोन गट होते, स्वतःत काहीतरी बदल करायची इच्छा दोघांनाही होती, फरक एवढाच की एका गटाने संकल्प केला होता आणि दुसरा "बघू कधीतरी" म्हणत होता. सहा महिन्यांनी संकल्पवाल्यांपैकी 46 टक्के टिकून होते आणि बघू-कधीतरीवाल्यांपैकी 4 टक्के. तेव्हा संकल्प करा, बिनधास्त करा.

आणि तो 1 जानेवारीलाच केला पाहिजे असं काही नाही. हेंगचेन दाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये दाखवलं की आठवड्याची सुरुवात, महिन्याची सुरुवात, वाढदिवसानंतरचे दिवस अशा वेळी माणसं जिमला जास्त जातात, कारण मनात जुनं खातं बंद होऊन नवीन पान उघडल्यासारखं वाटतं. मला हे फार कामाचं वाटतं. जानेवारी वर्षात एकच असला तरी सोमवार 52 असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काय ठरवायचं आणि किती

एकच ठरवा. मला माहितीये तुम्हाला व्यायाम पण करायचाय, वाचन पण, पैसे पण साठवायचेत आणि नवीन भाषा पण शिकायचीय, मी पण हेच करायचे, आणि दरवर्षी एक ना धड भाराभर चिंध्या. बाकीचे तीन कागदावर लिहून बाजूला ठेवा, पहिला अंगवळणी पडला की दुसरा काढा, कागद कुठे पळून जात नाही.

मग तो कसा मांडायचा ते बघा. स्वीडनमध्ये हजारभर लोकांच्या संकल्पांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये आला, त्यात "हे करणार" असे संकल्प केलेल्यांपैकी 58.9 टक्के लोकांनी वर्षाअखेरीस आपल्याला जमलं असं सांगितलं, आणि "हे करणार नाही, ते सोडणार" वाल्यांपैकी 47.1 टक्क्यांनी. फरक डोंगराएवढा नाहीये पण वाक्य बदलायला काही लागत नाही. "मोबाईल कमी बघणार" याच्याऐवजी "झोपायच्या आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणार". पहिल्यात दिवसभर स्वतःवर पहारा ठेवायला लागतो, दुसऱ्यात एकदाच उठून जायचं असतं.

आता मापाबद्दल, इथे जरा थांबते कारण सगळी गडबड इथेच होते. आपण संकल्प करतो तेव्हा आपण ताजेतवाने असतो, सुट्टी असते, आणि त्या मूडमध्ये बसून आपण ज्या माणसासाठी प्लॅन करतो तो माणूस वर्षातून जेमतेम महिनाभर अस्तित्वात असतो. आपला अंदाज किती चुकतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 1994 मधला कॅनडातला एक अभ्यास, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले, प्रत्यक्षात लागले 55च्या वर. आणि ही मुलं काही खोटं बोलत नव्हती हो, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

म्हणून प्रत्येक संकल्पाला दोन मापं ठेवा. एक चांगल्या दिवसाचं आणि एक वाईट दिवसाचं. चांगल्या दिवशी 40 मिनिटं चालणं, वाईट दिवशी बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. चांगल्या दिवशी दोन पानं लिहिणं, वाईट दिवशी एक ओळ, अगदी "आज काही सुचत नाही" ही ओळ सुद्धा चालेल. वाईट दिवसाचं माप इतकं छोटं पाहिजे की सांगायला थोडी लाज वाटली पाहिजे. डोकं दुखतंय, ऑफिसमधून उशिरा आलोय, घरात पाहुणे आहेत, तरी झालं पाहिजे. आणि ते केलं की दिवस पूर्ण धरायचा, अर्धा नाही, पूर्ण. खूप जणांना ही चीटिंग वाटते. पण एवढ्याशा चालण्याने तब्येत सुधारेल असं मी म्हणतच नाहीये, त्या दिवशी तब्येत सुधारायची नसतेच, त्या दिवशी फक्त धागा तुटू द्यायचा नसतो.

कधी आणि कुठे, हे ठरल्याशिवाय उठू नका

पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय आणि त्याचं सार एका वाक्यात बसतं, "अमुक झालं की मी तमुक करणार". रोज वाचणार असं नाही, तर रात्रीची भांडी झाली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक उघडणार. ऐकायला किरकोळ वाटतं ना? 2002 मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, आठवड्यात निदान एकदा 20 मिनिटं दमछाक होईल असा व्यायाम करायचा. ज्यांना काहीच मदत दिली नव्हती त्यांच्यातल्या 38 टक्क्यांनी केला. ज्यांना व्यायाम हृदयासाठी किती चांगला वगैरे माहिती देऊन प्रेरित केलं त्यांच्यातल्या 35 टक्क्यांनी. आणि ज्यांना तीच माहिती देऊन वर दिवस, वेळ, जागा लिहायला लावली त्यांच्यातल्या 91 टक्क्यांनी.

मधला आकडा परत वाचा. प्रेरणा मिळालेले लोक काहीच न मिळालेल्यांच्या पुढे गेले नाहीत. मोटिव्हेशनचे व्हिडिओ रात्री एक वाजेपर्यंत बघणाऱ्यांनी (मी पण त्यात आहे) हे भिंतीवर चिकटवायला हरकत नाही.

"अमुक झालं की" मधलं अमुक हे रोज न चुकता होणारं काहीतरी पाहिजे. दात घासणं, दाराला कुलूप लावणं, लॅपटॉप बंद करणं. "वेळ मिळाला की" हे अमुक चालत नाही कारण वेळ मिळत नसतो. "सात वाजले की" चालतं पण सात कधी वाजून गेले ते कळत नाही, त्यापेक्षा हातून होणारी एखादी कृती बरी. आणि एक वाक्य खाड्यासाठी वेगळं लिहा, तेच सगळे विसरतात, "काल सुटलं असेल तर आज सकाळी दात घासून झाले की वाईट दिवसाचं माप आधी करून टाकणार". खाडा पडल्यावर विचार करायला बसलात की संपलं, मन तेव्हा वकिली करायला लागतं आणि ते आपल्या विरुद्ध पार्टीचं असतं.

21 दिवसांचं काय

डोक्यातून काढून टाका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी 21 दिवस लागतात, त्यातलं कमीत कमी गळून पडलं, चेहरा गळून पडला आणि उरलं काय तर कुठलीही सवय 21 दिवसांत लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना 12 आठवडे रोज एक नवीन गोष्ट करायला लावून खरंच मोजलं, 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66. (अभ्यास 84 दिवसांचाच होता, 254 हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे.) ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामासारखी अवघड सवय वेळ खाते. म्हणजे 22व्या दिवशी सकाळी उठायचा कंटाळा आला तर तुमच्यात काही बिघाड नाहीये, अजून बरंच अंतर बाकी आहे एवढंच.

पण मला या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एखादा दिवस सुटला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर विशेष काही फरक पडला नाही. एक खाडा तुमची तीन आठवड्यांची मेहनत पुसत नाही, तो पुसतो असं आपल्याला वाटतं आणि त्या वाटण्यानेच पुढचं सगळं होतं.

खाडा पडल्यावर नेमकं काय होतं

1975 मध्ये डाएट करणाऱ्या लोकांवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. काहींना आधी मिल्कशेक दिला आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवून पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या ज्या लोकांनी मिल्कशेक प्यायला होता त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खायला पाहिजे ना, तर त्यांनी मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडूच दे. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी पुढे यावर खूप लिहिलं, पण आपल्याला हे अभ्यासाशिवायही माहितीये, गुरुवारी सुटलं की शुक्रवार-शनिवार-रविवार आपण स्वतःच माफ करून टाकतो आणि ये रे माझ्या मागल्या.

यावर माझे नियम असे आहेत. पहिला खाडा फुकट, त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कसंही करून वाईट दिवसाचं माप करायचं, अंगात जोर असला तरी त्याच्यावर जायचं नाही. आणि तिसरा नियम जो मला सगळ्यात जड गेला, भरपाई करायची नाही. काल चालले नाही म्हणून आज दीड तास, असं केलं की आज पाय दुखतात, उद्या परत खाडा, आणि डोक्यात चालणं म्हणजे शिक्षा असं पक्कं होतं. गेलेला दिवस गेला, त्याची उधारी ठेवायची नाही.

मोठा खाडा वेगळा. आजारपण, प्रवास, घरातलं लग्नकार्य, परीक्षा, यात दहा-पंधरा दिवस सहज जातात आणि संकल्प खरे इथे मरतात. केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एका विद्यापीठाच्या जिममध्ये मजेदार प्रयोग केला होता, लोकांना एकदम उत्कंठावर्धक ऑडिओबुक दिली पण ती फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली. सुरुवातीला या लोकांचं जिमला जाणं बाकीच्यांपेक्षा 51 टक्क्यांनी जास्त होतं. मग मध्ये सणाची सुट्टी आली, आणि सुट्टीनंतर तो फायदा जवळपास गेलाच. (आवडीची गोष्ट आणि कंटाळ्याची गोष्ट एकत्र बांधायची ही आयडिया तशी मस्त आहे, मी इस्त्री करताना हेच करते, पण सुट्टीपुढे ती पण हरते.)

म्हणून मोठा खंड पडणार हे आधी माहीत असेल तर जायच्या आधीच कॅलेंडरवर परतीचा दिवस लिहून टाका, गावाहून आल्याचा दुसरा दिवस नको, तो कपडे धुण्यात जातो, त्याच्यानंतरचा पहिला सोमवार घ्या. ते 52 सोमवार सांगितले होते ना, ते यासाठी. आणि आलात की पहिला आठवडाभर फक्त वाईट दिवसाचं माप. माझी कंबर धरली होती तेव्हा तीन आठवडे घरात पडून होते, नंतर पहिल्याच दिवशी जुन्या जोशात 40 मिनिटं चालायला गेले आणि परत चार दिवस पडले, आता शहाणी झालेय.

मोजायचं कसं

कागदी कॅलेंडर, पेन दोरीला बांधलेलं, जाता-येता दिसेल अशा जागी. 2016 मध्ये 138 अभ्यास एकत्र करून बघितलेले आहेत, जवळपास 20,000 लोक, आणि निष्कर्ष असा की आपण कुठपर्यंत आलो हे मधून मधून तपासणारे लोक ठरवलेलं जास्त पूर्ण करतात, आणि ते लिहून ठेवलं किंवा दुसऱ्याला दाखवलं तर परिणाम आणखी वाढतो. (ते येल विद्यापीठात 1953 मध्ये ध्येय लिहून ठेवणाऱ्या 3 टक्के मुलांनी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पैसा कमावला हे फॉरवर्ड तुम्हाला पण आलं असेल, असा अभ्यास झालेलाच नाही.)

ॲपबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. सलग किती दिवस झाले ते दाखवणारी ॲप सुरुवातीला भारी वाटतात, पण 87 दिवसांनंतर एक सुटला की ते बटबटीत शून्य दाखवतं, आणि ते शून्य साफ खोटं आहे, 88 पैकी 87 दिवस केलेल्या माणसाला शून्य कसं म्हणायचं? सलग मोजू नका, महिन्याचे एकूण मोजा. या महिन्यात 22, मागच्या महिन्यात 19. खाडा पडला तरी 22 चे 21 होत नाहीत, फक्त 23 व्हायचे राहतात.

आणि खाड्याची चौकट कोरी सोडू नका, एका शब्दात कारण लिहा. झोप, पाऊस, मीटिंग, कंटाळा, भांडण, काय असेल ते खरं लिहा, कुणी बघत नाही. दोन महिन्यांनी ते शब्द नुसते वाचून काढायचे. माझ्या कॅलेंडरवर "उशीर" हा शब्द इतक्या वेळा आला की मलाच हसू आलं, आणि कळलं की आपण आळशी वगैरे काही नाही, संध्याकाळ ही वेळच चुकीची आहे. सकाळवर ढकललं, "उशीर" जवळपास गायब. हेच मी आधी तीन वर्षं स्वतःला शिव्या घालून सोडवायचा प्रयत्न करत होते.

लोकांना सांगायचं की नाही

सगळ्यांना सांगत सुटू नका. 2009 मध्ये गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की मला अमुक बनायचंय असा इरादा दुसऱ्याला कळला, त्याने त्याची दखल घेतली, की माणूस प्रत्यक्षात त्यासाठी कष्ट कमी करतो, कौतुकातच बनल्यासारखं वाटतं. स्टेटस टाकला, शंभर लाइक आले, झालं मॅरेथॉन. त्यापेक्षा एक माणूस पकडा, शक्यतो नवरा-बायको नको कारण त्यात मग टोमणे येतात, आणि त्याला काय करणार आहात ते सांगूच नका, आठवड्याच्या शेवटी काय केलंत तेवढं पाठवा. माझी एक मैत्रीण आणि मी रविवारी एकमेकींना फक्त आकडा पाठवतो. "5". "3". कधी तीनवर ती अंगठा पाठवते, कधी काहीच नाही.

मधल्या महिन्यांचं आणि सोडण्याचं

वर्षाच्या मध्यावर हमखास रस जातो, सुरुवातीची मजा संपलेली असते आणि शेवट दिसत नसतो. वर्षभराचं लक्ष्य तीन-तीन महिन्यांत तोडा आणि दर तीन महिन्यांनी कॅलेंडर काढून बसा. तेव्हा एवढंच बघायचं की चांगल्या दिवसाचं माप अजून बरोबर आहे का, "अमुक झालं की" मधलं अमुक अजून रोज होतंय का (नोकरी बदलली, मुलांची शाळा बदलली की ते गुपचूप गायब होतं), आणि हे मला अजून हवंय का.

तिसऱ्याचं उत्तर नाही असं आलं तर सोडून द्या, पण ठरवून सोडा. कॅलेंडरवर तारीख टाकून "बंद" असं लिहा. डायरीसारखं कपाटात सरकवू नका, कारण तसं सरकवलेलं काहीच खरं बंद होत नाही, ते कुठेतरी कुरकुरत राहतं आणि पुढचा संकल्प करताना आठवतं की आपलं काही टिकत नाही. मी या वर्षी नवीन भाषा शिकणं जूनमध्ये बंद केलं, लाल पेनाने लिहिलं, आणि तो अर्धा तास चालण्याला जोडून टाकला.

चालण्याचा काल खाडा होता. कारणाच्या जागी "झोप" लिहिलंय. आज सकाळी दात घासून झाल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले.